भायखळ्याचे पहिले आठ डॉक्टर आणि त्यांच्या मागून आलेल्या इमारती

१८५१ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून आठ तरुण पदवी घेऊन बाहेर पडले. सेबॅस्टियन कार्व्हालो, अनंत चंद्रोबा डुकले, भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग तर्खडकर, पॉल फ्रान्सिस गोम्स, जुझे कामिलो लिस्बोआ, मेरवानजी सोराबजी आणि बरजोरजी दोराबजी. तीन हिंदू, तीन ख्रिस्ती, दोन पारशी. मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकाचा पुरा अभ्यास करून पदवी मिळवलेली ही पहिली तुकडी. कॉलेज सुरू झालं १८४५ मध्ये. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांत डॉक्टर झाले ते एवढेच.

इतके थोडे का, आणि इतका वेळ का? याचं उत्तर शोधताना कॉलेज ज्याला जोडलेलं आहे त्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारातल्या इमारतींचा क्रमही उलगडतो. आज त्या आवारात गेलेल्या माणसाला सगळं एकमेकांत अडकलेलं दिसतं, उंच इमारतीच्या मागे दगडी कमानी, त्यांच्या पलीकडे आणखी एक वॉर्ड. पण यातली जवळपास प्रत्येक जुनी इमारत एखाद्या अडचणीमुळे उभी राहिली आहे. डॉक्टरने काय शिकायला हवं याची समजूत बदलली की इथे नवा पाया खोदला गेला.

सुरुवात थोडी आधीपासून करू. कंपनी सरकारला पलटणींसाठी स्वस्तात मिळणारे मदतनीस डॉक्टर हवे होते. त्यासाठी मुंबईत १८२६ साली एक वैद्यकीय शाळा निघाली. तिचा प्रमुख जॉन मॅक्लेनन. शिकवणं देशी भाषांतून, त्यामुळे आधी पुस्तकंच तयार करायची वेळ आली. सहा वर्षांत सरकारचा धीर सुटला आणि १८३२ मध्ये शाळा बंद झाली. पुढे १८३५ मध्ये कलकत्ता आणि मद्रास इथे मेडिकल कॉलेजं निघाली, १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी पणजीत वैद्यकीय शाळा काढली. मुंबई मागेच राहिली होती.

गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या मनात ही गोष्ट होती. त्यांच्या पदरचा डॉक्टर चार्ल्स मोरहेड याने इलाख्यातल्या जिल्ह्यांत प्रश्नावली पाठवून माहिती गोळा केली: वैद्य आणि हकीम किती, ते शिकतात कुठे, औषधं कोणती देतात. योजना विलायतेला गेली. मंजुरी आली तेव्हा ग्रँट हयात नव्हते. ते जुलै १८३८ मध्ये दापोडीला वारले होते. मुंबईच्या प्रतिष्ठितांनी सभा घेऊन वर्गणी काढली आणि कॉलेजला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं.

वर्गणीतून कॉलेज होईल, पण रुग्णालयाचं काय? तिथे जमशेटजी जीजीभाई पुढे आले. त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, कंपनी सरकारनेही तेवढेच घालावेत या बोलीवर. हा पैसा चीनच्या व्यापारातला होता. त्यात कापूस होता, तशीच अफूही होती. १८३९ ते १८४२ या काळात इंग्रज आणि चीन यांच्यात अफूवरून युद्ध झालं आणि १८४३ च्या जानेवारीत भायखळ्याला रुग्णालयाची कोनशिला बसली. दानाचं मोल यामुळे शून्य होतं असं मी म्हणत नाही, पण मुंबईच्या परोपकाराचा इतिहास लिहिताना ही बाजू गाळून टाकण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती बरी नव्हे.

कॉलेजची कोनशिला त्याच वर्षी ३० मार्चला बसली. १८४५ च्या मेमध्ये रुग्णालयात रोगी घ्यायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शेजारच्या इमारतीत वर्ग भरू लागले.

रुग्णालय आणि कॉलेज शेजारी शेजारी असण्यात आज आपल्याला विशेष वाटत नाही. त्या काळात ती नवी कल्पना होती. युरोपात शतकानुशतकं डॉक्टर होणं म्हणजे ग्रंथ वाचणं, व्याख्यानं ऐकणं आणि वाद घालणं. चिरफाड करणारे शल्यवैद्य वेगळे, खालच्या पायरीवरचे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे चित्र बदललं. तिथे एकाच छपराखाली शेकडो रोगी होते. डॉक्टर रोज त्यांना तपासत, छातीला स्टेथोस्कोप लावत, काय ऐकू आलं ते लिहून ठेवत. रोगी दगावला तर शव उघडून पाहत आणि जिवंतपणी ऐकलेला आवाज नि फुफ्फुसातली खराबी यांची जोडी लावत. पियेर ल्वी या पॅरिसच्या डॉक्टरने त्यापुढचं पाऊल टाकलं. त्याने रोगी मोजले. रक्त काढल्याने न्यूमोनिया बरा होतो असं सगळे म्हणतात, तर किती जणांचं काढलं, किती जगले, किती मेले? मोजदादीनंतर रक्त काढण्याचा गाजावाजा बराच फिका पडला.

मोरहेड एडिंबरोत शिकला आणि त्यानंतर याच ल्वीच्या हाताखाली पॅरिसला राहून आला. तो ग्रँट कॉलेजचा पहिला प्राचार्य झाला. त्यामुळे भायखळ्याला पॅरिसची पद्धत आली: खाटेपाशी उभं राहून शिकायचं. थोडेच विद्यार्थी घेऊन त्यांना नीट घडवावं, हा मोरहेडचा आग्रह. आठच डॉक्टर का, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

मग विद्यार्थ्याचा दिवस कसा जाई? व्याख्यानं होतीच. मोरहेड औषधशास्त्र आणि रोगोपचार शिकवत, जॉन पीट शरीररचना आणि शस्त्रक्रिया, हर्बर्ट गिरो रसायन आणि वनस्पती. तिघांवर मिळून सगळा डोलारा. सगळं इंग्रजीत, त्यामुळे येणारी मुलं आधी एल्फिन्स्टन संस्थेसारख्या ठिकाणी इंग्रजी पक्कं करून आलेली असत. पण दिवसातलं खरं शिक्षण वॉर्डात होई. विद्यार्थ्याच्या वाट्याला काही खाटा येत. त्या खाटांवरच्या रोग्यांची हकीकत विचारायची, रोज नाडी, जीभ, ताप, शौच यांची नोंद करायची आणि ती प्राध्यापकाला वाचून दाखवायची. हे झालं औषधवैद्यकाच्या बाजूला. शस्त्रक्रियेच्या बाजूला जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, हाड बसवताना धरून ठेवणं. आजच्या इंटर्नला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, झोपेची टंचाई धरून.

ताप हा शब्द वर सहज लिहिला, पण तो मोजायचा कशाने? खाटेपाशी वापरता येईल असा छोटा थर्मामीटर १८६० च्या दशकात आला. १८४६ चा विद्यार्थी रोग्याच्या कपाळावर हात ठेवून ‘कातडी उष्ण व कोरडी’ अशा तऱ्हेचं काहीतरी लिहीत असणार. जंतू ही कल्पनाही अजून यायची होती. पटकी (कॉलरा), हिवताप हे सगळं दलदलीतून आणि कुजलेल्या पदार्थांतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे होतं, असं बहुतेक शहाणे डॉक्टर मानत. म्हणून त्या काळच्या रुग्णालयांत उंच छत, मोठ्या खिडक्या आणि वारा खेळता ठेवण्याचा एवढा सोस. कारण चुकीचं होतं, पण इमारत चांगली झाली! हवेशीर वॉर्डांत क्षयासारखे रोग कमी पसरतात, हे पुढच्या शतकात वेगळ्या कारणांनी पटलं.

औषधांत कोयनेल (क्विनीन) होतं, आणि ते खरंच लागू पडे. अफू होती. पारा होता, आणि त्याने हिरड्या सुजून लाळ गळू लागली की औषध अंगी लागलं असं समजत.

आणि शस्त्रक्रिया? कॉलेज उघडलं तेव्हा जगात कुठेही भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ नव्हती. मुतखडा काढायचा असो की पाय कापायचा, चार माणसांनी रोग्याला दाबून धरायचं आणि शल्यवैद्याने शक्य तितक्या लवकर उरकायचं. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. १८४७ मध्ये ईथर हिंदुस्थानात पोहोचलं, १८४८ मध्ये क्लोरोफॉर्म. म्हणजे भाऊ दाजी आणि त्यांच्या सोबत्यांनी पहिल्या वर्षी रोग्याचा आक्रोश ऐकत शस्त्रक्रिया पाहिली असेल आणि पदवी घेताना निपचित झोपलेल्या रोग्यावर. वैद्यकाच्या इतिहासात इतकी मोठी उडी एवढ्या थोड्या विद्यार्थिवर्षांत क्वचितच बसली असेल. पण शस्त्रक्रिया सोपी झाली म्हणून ती सुरक्षित झाली नव्हती. हात धुण्याचं महत्त्व पटायला आणि जंतुनाशकं वापरायला अजून वीसएक वर्षं जायची होती, आणि तोवर चांगल्या झालेल्या शस्त्रक्रियेनंतरही जखम सडून रोगी जाई.

शवविच्छेदनाबद्दल लोक हमखास विचारतात. प्रेताला हात लावला की विटाळ, हे ज्या घरांत पाळलं जाई त्याच घरांतली मुलं इथे आली होती. कलकत्त्याला १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी विच्छेदन केलं तेव्हा फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झाली, अशी आख्यायिका आहे. मुंबईत नाट्य त्या मानाने कमी. पण अडचण नुसती धर्माची नव्हती, हवेचीही होती. फॉर्मालिनमध्ये शव टिकवण्याची युक्ती १८९० च्या दशकात आली. त्याआधी मुंबईच्या उकाड्यात शव किती वेळ टिकणार? विच्छेदनाचं काम विलायतेतही थंडीच्या महिन्यांतच होई, इथे तर घाई आणखी. शवं येत ती मुख्यतः बेवारस रोग्यांची, म्हणजे गरिबांची. या व्यवहाराला आपल्याकडे नेमका कायदा मिळाला तो १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने. शरीराची रचना पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या देहांवर शिकली गेली, त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. देणगीदारांची मात्र सगळ्यांची आहेत.

या मुलांचं कॉलेजबाहेरचं आयुष्यही पाहण्यासारखं आहे. भाऊ दाजी हे मूळचे गोव्याच्या पेडणे भागातले, वडील मुंबईला आलेले. मेडिकलला येण्याआधीच काठेवाड-कच्छातल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळवलं होतं आणि एल्फिन्स्टनमध्ये ते शिकवतही होते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांनी विद्यार्थ्यांची साहित्य आणि शास्त्र सभा काढली. तिच्या मराठी शाखेचं नाव ज्ञानप्रसारक सभा. तिथे शास्त्रीय विषयांवर मराठीत निबंध वाचले जात, आणि पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा उघडल्या. भाऊ दाजी त्या कामात होते.

आत्माराम पांडुरंग यांचे थोरले बंधू दादोबा, मराठी व्याकरणकार. १८४९ च्या सुमारास दादोबांच्या पुढाकाराने परमहंस सभा निघाली. ही गुप्त मंडळी, जातिभेद मोडायचा म्हणून बैठकीत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणारी. आत्माराम यांचा त्या वर्तुळात वावर होता. सकाळी विच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहायचं आणि संध्याकाळी दार लावून पाव खायचा! घरच्या धर्माला दोन्हीकडून धक्का. मला वाटतं या पिढीच्या सुधारकीपणाचा उगम आपण नेहमी एल्फिन्स्टनच्या वर्गात आणि मिशनऱ्यांशी झालेल्या वादांत शोधतो, वैद्यकाच्या वॉर्डाकडे कमी पाहतो. वॉर्डात सगळ्या जातींचे रोगी एका ओळीत असत आणि विद्यार्थ्याला त्यांना हात लावावाच लागे. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला तेव्हा आत्माराम पांडुरंग त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

परीक्षा कशी झाली हेही सांगायला हवं, कारण मुंबई विद्यापीठ तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. ते निघालं १८५७ मध्ये. त्यामुळे १८५१ ची पदवी कॉलेजनेच दिली: ‘ग्रॅज्युएट ऑफ द ग्रँट मेडिकल कॉलेज’, थोडक्यात जी.जी.एम.सी. आपल्याच विद्यार्थ्यांना आपणच पास केलं अशी कुजबूज नको म्हणून परीक्षा घ्यायला बाहेरचे डॉक्टर नेमले गेले. त्याच सुमारास मोरहेड आणि नव्या पदवीधरांनी ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी काढली. पदवी घेऊन पांगलेल्या डॉक्टरांनी आपापल्या रोग्यांच्या हकीकती तिथे मांडायच्या, वाद घालायचे. शिकणं पदवीपाशी थांबू नये ही त्यामागची कल्पना.

पदवी तर मिळाली. नोकरी? सरकारी सेवेत त्यांना मिळणारी जागा सब असिस्टंट सर्जनची. वरच्या सगळ्या जागा, म्हणजे जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन, कॉलेजचे प्राध्यापक, प्राचार्य, या कंपनीच्या लष्करी वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी. पुढे तिचंच नाव इंडियन मेडिकल सर्व्हिस झालं. १८५५ पासून त्या सेवेची परीक्षा हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, माणसाला देता येऊ लागली, पण ती लंडनला जाऊन. समुद्र ओलांडणं, पैसा, जात, सगळंच आडवं. भायखळ्याला कितीही उत्तम शिकलात तरी भायखळ्याच्या खुर्चीवर बसणं जवळपास अशक्य, असा तो जिना होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

म्हणून हुशार मुलं खासगी व्यवसायात आणि दुसऱ्या छंदांत गेली. भाऊ दाजींनी धाकटे बंधू नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले आणि उरलेला जीव शिलालेख नि नाणी वाचण्यात घातला. ते औषध त्यांनी गुप्त ठेवलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदी अवाजवी होती असं म्हणता येत नाही. मोरहेडच्या विद्यार्थ्याने रोग्यांच्या नोंदी सगळ्यांसमोर मांडायच्या, हीच तर तिथली शिकवण. लिस्बोआ वनस्पतिशास्त्राकडे वळले, मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पती आणि गवतं यांवरचं त्यांचं काम अभ्यासक अजून धुंडाळतात. अनंत चंद्रोबा डुकले मुंबईच्या देवी टोचण्याच्या खात्यात नावाजले.

इंग्रजी वर्गाच्या जोडीला १८६० च्या दशकात कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्गही निघाले, हॉस्पिटल असिस्टंट तयार करण्यासाठी. नारायण दाजी, सखाराम अर्जुन अशा पदवीधरांनी तिथे शिकवलं. सखाराम अर्जुन म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. गर्भविद्या आणि प्रसूती या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, तेही ज्या काळात हा विषय चारचौघांत काढणं असभ्य मानत. पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल आलं आणि असं शिक्षण तिकडे वाढलं. पण एक पायंडा पडला तो पडलाच: इंग्रजीत शिकला तो डॉक्टर, मराठीत शिकला तो मदतनीस. मराठीतून वैद्यक शिकवता येईल का, या आजच्या वादात दोन्ही बाजू परिभाषेवर भांडतात. खरी अढी परिभाषेपेक्षा या जुन्या उतरंडीची आहे.

आता पुन्हा इमारतींकडे. पहिली भर पडली डोळ्यांची. १८५१ मध्येच, म्हणजे आपले आठ जण पदवी घेत होते त्या वर्षी, जर्मनीत हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण प्रसिद्ध केलं. तोवर जिवंत माणसाच्या बुबुळामागे काय आहे ते दिसतच नव्हतं. ते दिसू लागलं आणि नेत्रचिकित्सा ही वेगळी विद्या झाली. तिला अंधारी खोली लागते, वेगळे रोगी लागतात, वेगळा हात लागतो. १८६६ मध्ये सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून जे. जे. च्या आवारात नेत्ररुग्णालय उभं राहिलं.

याच काळातला एक शिक्षक मला फार आवडतो. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ‘ग्रेज् अ‍ॅनाटमी’ हे शरीररचनेचं पुस्तक सांगायला नको. १८५८ मध्ये लंडनला निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं कार्टरची. पुस्तकाचं नाव ग्रेचं झालं, आणि कार्टर त्याच वर्षी मुंबईला येऊन ग्रँटमध्ये शरीररचना शिकवू लागला. ज्या माणसाच्या चित्रांवरून पुढे जगभरची मुलं शिकली, त्याच्याच तोंडून आपली मुलं शिकत होती. पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन, मग परत येऊन कॉलेजचा प्राचार्य. १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या दुष्काळात उपाशी माणसांचे लोंढे मुंबईला आले आणि त्यांच्यात पुन्हा पुन्हा उलटणारा ताप पसरला. कार्टरने रोग्यांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे नागमोडी जंतू पाहिले. या कामात त्याला स्वतःलाही तो ताप आला.

वैद्यकाचं गुरुत्वमध्य खाटेपासून सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाकडे सरकत चाललं होतं. ज्या कॉलेजची उभारणी ‘खाटेपाशी उभा राहा आणि पाहा’ या तत्त्वावर झाली, त्याला आता प्रयोगशाळा लागणार होती. ती फ्रामजी दिनशा पेटिट यांच्या नावाने झाली. तिच्याकडे वळण्याआधी मधलं एक दालन.

१८८३ मध्ये ग्रँटचे दरवाजे मुलींना उघडले. आनंदीबाई जोशी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेला निघाल्या होत्या, हा योगायोग थोडा बोचरा आहे. जॉर्ज किटरिज नावाचा मुंबईत स्थायिक झालेला अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी निधी उभा केला. विलायतेहून एडिथ पीची आल्या. एडिंबरो विद्यापीठात वैद्यकासाठी भांडलेल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी पैसा दिला आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं, जिथे बायकांना बायकाच तपासतील. जे. जे. च्या आवारातही मोतलीबाई वाडियांच्या नावाचं प्रसूतिरुग्णालय आणि त्याला लागून सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाचं स्त्रिया-मुलांचं रुग्णालय आलं. इथे कारण सरळ आहे. बाळंतपण शिकवायचं तर बाळंतिणी रुग्णालयात यायला हव्यात, आणि पुरुषांच्या वॉर्डालगत त्या येणार नव्हत्या. आधी वेगळी इमारत, मग रोगी, मग शिक्षण. कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर पुढे याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पेटिट रुग्णालयाच्या १८९० च्या इमारतीखाली २०२२ मध्ये एक जुनं भुयार सापडलं तेव्हा वर्तमानपत्रांना दोन दिवस पुरेल इतकं खाद्य मिळालं. वरच्या मजल्यांवर काय घडलं हे त्या बातम्यांत फारसं आलं नाही.

मग १८९६ चा प्लेग. मांडवीत गाठी येऊन पटापट माणसं मरू लागली, तेव्हा हा प्लेग आहे असं त्या सप्टेंबरात ओळखलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, शिकलेले ग्रँटमध्ये. सूक्ष्मदर्शकाने खात्री व्हायच्या आधी त्यांनी खाटेपाशी उभं राहून ओळखलं, मोरहेडच्या जुन्या पद्धतीने. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे.

सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिनला कलकत्त्याहून बोलावलं. ऑक्टोबरात तो आला आणि त्याला जागा मिळाली ग्रँटच्या पेटिट प्रयोगशाळेत: एक छोटी खोली आणि व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्याने उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस जवळच्या भायखळा तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. कॉलेजच्या खोलीत हे काम मावेना. १८९९ मध्ये ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेलं, आणि १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिनचं नाव मिळालं.

डोळे, स्त्रिया, जंतू, प्रत्येकासाठी इमारत झाली. एका गोष्टीसाठी मात्र होत नव्हती: शिकवणाऱ्या हिंदी डॉक्टरांसाठी. विसाव्या शतकातही ग्रँटच्या महत्त्वाच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडेच होत्या. लष्करी सेवेतला अधिकारी आज शरीररचना शिकवेल, उद्या त्याची बदली पलटणीत होईल आणि त्याच्या जागी येणाऱ्याचा त्या विषयाशी तेवढाच संबंध असेल, तरीही नियम तोच. शहरात नावाजलेले हिंदी डॉक्टर खासगीत हजारो रोगी तपासत होते, पण वॉर्डात उभं राहून शिकवायला त्यांना बोलावणं नव्हतं.

असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये भायखळ्यालाच राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं. नायर रुग्णालयाला जोडलेलं आजचं टोपीवाला कॉलेज ते हेच, टोपीवाला हे नाव नंतरचं. पण कोंडी खऱ्या अर्थाने फुटली ती परळला. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मुंबई महापालिकेला मेडिकल कॉलेजसाठी मोठी रक्कम देऊ केली आणि सोबत एक अट घातली: इथले शिक्षक पात्र हिंदी डॉक्टर असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. देणगीदारांनी इमारतीवर आपलं नाव कोरून घेण्याची अट मुंबईला नवी नव्हती, आत कोण शिकवेल याची अट नवी होती. महापालिकेने ती मानली. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट याने कॉलेज आणि किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय या दोन्ही इमारती आखल्या, पुन्हा शेजारी शेजारी, मोरहेडच्याच नियमाने. १९२५ मध्ये जी. एस. मेडिकल कॉलेजचे वर्ग सुरू झाले, १९२६ च्या जानेवारीत केईएममध्ये रोगी येऊ लागले. पहिले डीन जीवराज मेहता. त्यांचं वैद्यकाचं शिक्षण झालं होतं भायखळ्याला, ग्रँटमध्ये.